नळ्यांतला वारा आणि आपली पायपेटी



गेल्या पावसाळ्यातील एका रविवारची गोष्ट आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. दुसरी मिस्सा चालू होती, बाहेर लोणावळ्याचा पाऊस कोसळत होता आणि अर्पणगीताच्या दुसऱ्या कडव्यावर वीज गेली. कीबोर्ड मुका झाला. त्याबरोबर ध्वनिवर्धक बंद, त्याबरोबर गायकवृंद बंद, आणि नवलाची गोष्ट म्हणजे सारे मंदिरच बंद. गाण्याचे शब्द सर्वांच्या हातातल्या पुस्तकात होते, चाल पाठ होती, पण कोणी तोंड उघडीना. आम्ही वेदीवर उभे राहून वाट पाहिली. मग स्त्रियांच्या बाजूने, मागच्या बाकांवरून, एका मावशींनी एकटीने ते कडवे उचलले. त्यांच्यामागून दोघी, मग चौघी, आणि धृपद आले तेव्हा पत्र्यावरच्या पावसालाही ते ऐकू गेले असेल.

त्या दिवसापासून आमच्या मनाला एक टोचणी लागली आहे. आम्ही या धर्मग्रामात आलो तेव्हा वेदीच्या डाव्या हाताला जुनी पायपेटी होती. भात्याला चिरा पडल्या होत्या, दोन सूर सतत वाजत राहत. ती सॅक्रिस्टीत नेऊन ठेवण्यास आम्हीच सांगितले. ‘तात्पुरती’ म्हणालो होतो. तिच्यावर आता मेणबत्त्यांची खोकी आहेत.

आता एका उपकारकर्त्यांनी नवा मोठा कीबोर्ड देण्याची इच्छा दाखवली आहे. त्यात शंभर वाद्यांचे आवाज आहेत आणि तबलाही आपोआप वाजतो. तरुण मंडळी आनंदात आहेत, जुने गायक नाराज आहेत, आणि एका घरातले बापलेक या विषयावर बोलत नाहीत असेही कानावर आले. धर्मग्राम परिषदेत निर्णय होण्यापूर्वी, चर्चमध्ये वाद्य कशासाठी असते याचा आपण एकत्र अभ्यास करावा, म्हणून हा लेख. त्यासाठी आपल्या पेटीच्या पणजोबाकडे, म्हणजे पाइप ऑर्गनकडे, जावे लागेल.

आपला गायकवृंद एकदा सकाळच्या गाडीने मुंबईला गेला होता. कुलाब्याला वोडहाउस रोडवर पवित्र नामाचे कॅथेड्रल आहे. वास्तुविशारद डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी गॉथिक धाटणीत बांधलेले हे मंदिर १९०५ मध्ये पूर्ण झाले. १९६४ साली मुंबईत ३८वी आंतरराष्ट्रीय युकेरिस्टिक काँग्रेस भरली, तेव्हा पोप सहावे पॉल भारतात आले. त्यांनी या कॅथेड्रलला दिलेली घंटा आणि पहिले भारतीय कार्डिनल व्हॅलेरियन ग्रेशस यांची लाल टोपी लोक आवर्जून पाहतात. भिंतींवरची चित्रेही प्रसिद्ध आहेत. आपल्या मुलांचे डोळे मात्र पाइप ऑर्गनवर खिळले. आमच्याबरोबरच्या एका मुलीने विचारले, “फादर, एवढ्या नळ्या? पाण्याच्या आहेत का?” सगळे हसले. पण तिचा प्रश्न वाटतो तितका चुकीचा नव्हता, हे पुढे येईलच.

पाइप ऑर्गन म्हणजे शेकडो, कधी हजारो शिट्ट्यांचे घर. खाली भाता असतो. त्यातला वारा एका मोठ्या लाकडी पेटीत साठतो. पेटीच्या माथ्यावर नळ्या उभ्या असतात. वादकाने पट्टी दाबली की त्या नळीखालची झडप उघडते, वारा वर जातो आणि नळी बोलते. बाजूला ज्या खुंट्या असतात त्या ओढल्या की नळ्यांची एकेक रांग जागी होते, आत ढकलल्या की झोपते. आपल्या हार्मोनियमच्या पुढच्या खुंट्या त्यांच्याच वंशातल्या. बहुतेक नळ्या बासरीच्या तत्त्वावर वाजतात, वारा धारेवर आपटून सूर होतो. काहींच्या तोंडाशी पुंगीसारखी एक जिभली असते, त्यांचा आवाज तुतारीकडे झुकतो. उघडी नळी सुमारे आठ फुटांची असेल तर खर्जाकडचा एक सूर देते. नेमकी निम्मी केली की तोच सूर एक सप्तक वर. म्हणून मोठ्या ऑर्गनमध्ये घराच्या छपराला टेकेल अशी नळी असते आणि तिच्या शेजारी शिसपेन्सिलीहून छोटीही. काही कथील-शिशाच्या मिश्रणाच्या, काही लाकडाच्या.

या सर्वांत आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते ती गोष्ट अशी : असा ऑर्गन तयार माल म्हणून दुकानात मिळत नाही. ऑर्गन बांधणारा कारागीर आधी ते मंदिर पाहतो. छत किती उंच, भिंती दगडी की विटांच्या, आवाज किती वेळ घुमतो, रविवारी लोक किती असतात. मग तो नळ्यांची जाडी ठरवतो आणि अखेरीस मंदिरातच बसून एकेका नळीच्या तोंडावर हात फिरवून तिला त्या जागेत बोलायला शिकवतो. तोच ऑर्गन उचलून दुसऱ्या चर्चमध्ये नेला तर पुन्हा बरेच काम करावे लागते. हवामानाचेही तसेच. हवा तापली की बासरीसारख्या नळ्यांचा सूर चढतो, जिभलीच्या नळ्या मात्र जवळजवळ आहे तिथेच राहतात, आणि दोघींचे पटेनासे होते. दमट हवेत लाकूड फुगते, कातडे कुजते, सरस सुटतो. वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या आपल्या गावात असा ऑर्गन ठेवणे म्हणजे काय, ते ज्यांच्या घरी जूनमध्ये कपाटांची दारे लागत नाहीत त्यांना सांगायला नको.

आता थोडा इतिहास. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना ॲरिस्टॉटलच्या तर्कशास्त्रावरील ग्रंथांना ‘ऑर्गनॉन’ म्हणतात हे कळले, तेव्हा आम्हाला फार गंमत वाटली होती. ग्रीक भाषेत ऑर्गनॉन म्हणजे साधन, अवजार. सुताराची पटाशी हे ऑर्गनॉन, विचार करण्याची रीत हेही ऑर्गनॉन. या वाद्यालाही तेच साधे नाव चिकटले. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रिया शहरात तेसिबियस नावाचा एक कल्पक माणूस होऊन गेला. जुना रोमन लेखक व्हिट्रूव्हियस सांगतो की तो न्हाव्याचा मुलगा. (आपल्या सेना महाराजांची आठवण व्हावी!) त्याने पाण्याच्या दाबाने वारा एकसारखा ठेवण्याची युक्ती काढली आणि नळ्यांना पट्ट्या जोडल्या. म्हणजे पहिल्या ऑर्गनला खरोखरच पाणी लागत असे. मुलीचा प्रश्न चुकीचा नव्हता, तो इथे आला.

पण हे वाद्य जन्माला आले ते देवळासाठी नव्हे. रोमन लोकांनी ते आखाड्यात नेले. माणसे माणसांना मारत असताना, तमाशा रंगावा म्हणून ऑर्गन वाजे. जुन्या रोमन फरशीचित्रांत तो तसा दिसतो. अशा खेळांच्या काळात आपल्या विश्वासाखातर अनेक ख्रिस्ती लोकांनी प्राण दिले. तेव्हा पहिल्या काही शतकांतील ख्रिस्तसभेने वाद्यांकडे संशयाने पाहिले, यात आश्चर्य नाही. भाविक गात, पण कंठानेच. पुढे ७५७ साली कॉन्स्टँटिनोपलच्या सम्राटाने फ्रँक लोकांचा राजा पेपिन याला एक ऑर्गन भेट पाठवला. तीही राजदरबाराची भेट, मंदिराची नव्हे. त्यानंतर हळूहळू पश्चिम युरोपातील मठांत आणि कॅथेड्रलांत ऑर्गन शिरला. तरीही तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस लिहितात की वीणेसारखी वाद्ये ख्रिस्तसभा स्तुतीत वापरत नाही. पूर्वेकडील बहुतेक ऑर्थोडॉक्स मंदिरे आजही वाद्याशिवाय गातात.

हे सविस्तर सांगण्याचे कारण आहे. परवा परिषदेत एक वडीलधारे म्हणाले, “फादर, ऑर्गन चर्चचा, ढोलकी तमाशाची.” त्यांचा भाव आम्हाला समजतो. पण ऑर्गनही तमाशातूनच आला, आणि त्याला वेदीजवळ यायला कित्येक शतके लागली.

भारतात तो सोळाव्या शतकात येऊन पोहोचला होता. अकबराच्या दरबारातील बदायुनी या इतिहासकाराने त्याची नोंद केली आहे. बादशहाने गोव्याकडे पाठवलेले हाजी हबीबुल्ला यांनी तो आणला. माणसाच्या उंचीची पेटी, आत बसून वाजवणारा फिरंगी आणि बाहेर मोरपंखांशी खटपट करणारे दोघे, असे तो वर्णन करतो. बदायुनी कट्टर मुल्ला, फिरंग्यांचे त्याला मुळीच कौतुक नव्हते. तरी त्या आवाजाने दरबार थक्क झाला हे त्याने लपवले नाही. बाहेरचे ते दोघे बहुधा भाता चालवणारे असावेत. पुढेही विजेवरचे पंखे येईपर्यंत प्रत्येक ऑर्गनमागे असा एक भाता ओढणारा असे. वादकाचे नाव पाटीवर लागे, त्याचे लागत नसे.

आता संत सेसिलियाकडे वळू. २२ नोव्हेंबरला आपण तिचा सण साजरा करतो आणि गायकवृंदाला पेढे देतो. चित्रांत तिच्या हाती बहुधा लहानसा ऑर्गन असतो. पण तिच्या जुन्या चरित्रकथेत ती ऑर्गन वाजवत नाही. तिच्या इच्छेविरुद्ध तिचे लग्न लागत असते, मांडवात वाद्ये वाजत असतात, आणि ती मात्र मनातल्या मनात देवापुढे गात असते. पुढच्या लोकांनी त्या वाद्यांचा संबंध तिच्या गाण्याशी जोडला आणि तीच ऑर्गनवादक झाली! चित्रकार राफाएल याला मात्र नेमके काय ते कळले होते असे आम्हाला वाटते. इटलीत बोलोन्या येथे असलेल्या त्याच्या चित्रात सेसिलियाने ऑर्गन खाली उलटा धरला आहे, नळ्या निसटून पडू लागल्या आहेत, पायाशी इतर वाद्ये मोडून पडली आहेत आणि ती वर स्वर्गीय गायन ऐकत आहे. संगीताच्या आश्रयदात्रीचे इतके स्पष्ट चित्र दुसरे नसेल.

ख्रिस्तसभेची शिकवणही याच दिशेने जाते. १९०३ साली सेसिलियाच्याच सणादिवशी पोप दहावे पायस यांनी पवित्र संगीतावर आदेश काढला. त्यांनी ऑर्गनला मान दिला, पण गाण्याला आधार द्यावा, गाणे झाकून टाकू नये, अशी अटही घातली. (पियानोला त्यांनी सरळ मनाई केली, हे आपल्या कीबोर्डवाल्या मुलांनी मनाला लावून घेऊ नये.) त्यानंतर दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेवरील संविधान जाहीर केले. लॅटिन ख्रिस्तसभेत पाइप ऑर्गनचा मोठा आदर राखावा, असे त्यात म्हटले आहे. त्याच संविधानात इतर वाद्यांनाही दार उघडले आहे. ती उपासनेला शोभावीत आणि भाविकांची भक्ती वाढवणारी असावीत, आणि अधिकाऱ्यांची संमती असावी. ज्या देशांची स्वतःची संगीतपरंपरा आहे तिथे तिला योग्य मान द्यावा, असेही स्पष्ट लिहिले आहे. म्हणजे आपला तबला, आपली टाळ-ढोलकी चोरवाटेने आलेली नाहीत. त्याच संविधानात पुन्हा पुन्हा येणारा आग्रह आहे तो भाविकांच्या सक्रिय सहभागाचा. परिषदेला बोलका ऑर्गन आणि मुके लोक अपेक्षित नव्हते.

आपल्याकडे तर गाण्याची परंपरा ऑर्गनची वाट पाहत थांबली नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण १६१६ साली छापले गेले ते ओवीत. ओवी जात्यावर म्हणता येते, तिला भाता लागत नाही. पुढे एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या अलेक्झांद्र दबँ याने नळ्यांऐवजी पितळी पत्त्या वापरून हार्मोनियम केला. पत्ती लहान, म्हणून वाद्य लहान आणि स्वस्त, जहाजात मावणारे. मिशनरी तो घेऊन आले. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी १८७५च्या सुमारास तो हाताच्या भात्यावर आणून जमिनीवर बसवला, आणि तो कीर्तनात गेला, भजनात गेला. पायाने चालवायचा ऑर्गन आपल्या संगीत रंगभूमीने असा काही आपलासा केला की बालगंधर्वांचे नाट्यपद त्याच्याशिवाय आठवतच नाही. या वाद्याला मींड घेता येत नाही, त्याचे सूर आपल्या रागांशी पुरते जुळत नाहीत, म्हणून १९४० ते १९७१ आकाशवाणीने त्याला बंदी केली होती. बंदी उठली. आज ती पेटी परकी आहे असे कोणी म्हणेल का?

फिलिपाइन्समधील एका धर्मगुरूंची हकिकत इथे सांगितलीच पाहिजे. मनिलाजवळ लास पिन्यास नावाचे गाव आहे. तिथले फादर दिएगो सेरा यांना ऑर्गन हवा होता. धातू महाग, बांबू मुबलक. त्यांनी १८१६ साली काम सुरू केले. बांबूला कीड लागू नये म्हणून तो महिनोन्‌महिने समुद्रकाठच्या वाळूत पुरून ठेवला. १८२४ मध्ये ऑर्गन पूर्ण झाला : एकूण १०३१ नळ्या, त्यांतल्या ९०२ बांबूच्या. तुतारीसारख्या आवाजाच्या नळ्या तेवढ्या धातूच्या, कारण तिथे बांबू चालेना. भूकंप, वादळे सोसून तो खिळखिळा झाला, तेव्हा १९७३ मध्ये दुरुस्तीसाठी जर्मनीला पाठवण्यात आला आणि १९७५ मध्ये परत गावी आला. आजही तो वाजतो. आमच्या मावळात घरोघरी बांबूच्या टोपल्या होत्या आणि आहेत, पण बांबूत ऑर्गन दडला आहे हे सुचायला फादर सेरांचे डोळे लागतात.

आणखी एक गोष्ट, जिच्याबद्दल दरवर्षी विचारणा होते. उपवासकाळात वाद्ये का मंदावतात? नियम असा की आगमनकाळात वाद्य बेताने वाजवावे. उपवासकाळात मात्र केवळ गाण्याच्या आधारापुरतेच, अपवाद चौथा रविवार आणि मोठे सण. पवित्र गुरुवारी गौरवगीताच्या वेळी घंटा वाजतात आणि मग पुनरुत्थानाच्या जागरणविधीतील गौरवगीतापर्यंत गप्प राहतात. बाबेलच्या नदीकाठी झाडांना वीणा टांगून बसलेले लोक आपल्याला १३७व्या स्तोत्रात भेटतात. वाद्य थांबले की कळते, आपल्यापाशी स्वतःचा आवाज उरला आहे की नाही. त्या पावसाळी रविवारी आपल्याला ते उपवासकाळाआधीच कळले.

उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात देव मातीच्या माणसात श्वास फुंकतो. हिब्रू भाषेत वारा, श्वास आणि आत्मा यांना एकच शब्द आहे : रूआख. ऑर्गनच्या नळ्या पाहताना आम्हाला तो अध्याय आठवतो. नळी कितीही सुंदर असो, तिच्यात स्वतःचा वारा नाही. आणि एकाच भात्याचा वारा लहान-मोठ्या, लाकडी-धातूच्या साऱ्या नळ्यांतून जातो. दिवंगत पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी १३ सप्टेंबर २००६ रोजी जर्मनीतील रेगेन्सबुर्ग येथे एका नव्या ऑर्गनला आशीर्वाद देताना असाच विचार मांडला होता. नळ्या पुन्हा पुन्हा सुरात आणाव्या लागतात, तसेच ख्रिस्ती समुदायाचेही, असे ते म्हणाले होते. आपल्या धर्मग्रामात नगरकडची घराणी आहेत, रेल्वेत नोकरीला आलेल्या गोवेकरांची नातवंडे आहेत, वसईकर आहेत, तमिळ बोलणारे आहेत. कोणी उंच लावतो, कोणी खर्जात. सर्वांची पट्टी एक करणे हे आम्हाला प्रवचनापेक्षा कठीण वाटते.

तर आमचे मत काय? आम्ही कीबोर्डच्या विरोधात नाही. ज्या मुलांनी तो शिकण्यासाठी शनिवार-रविवार दिले त्यांचे श्रम आम्ही वाया जाऊ देणार नाही. पण आपोआप वाजणारा तबला मिस्सामध्ये नको, हे आमचे ठाम मत आहे. यंत्राला दिसत नाही की आज आजीबाईंना कडवे उचलायला अर्धा क्षण जास्त लागतो आहे. तबला वाजवायचा तर माणसाने वाजवावा. शिकवायला तयार असलेले दोघे जण आपल्याच धर्मग्रामात आहेत. आवाज किती मोठा ठेवावा याची परीक्षाही सोपी आहे : शेवटच्या बाकावरच्या माणसाला शेजाऱ्याचे गाणे ऐकू आले पाहिजे. आणि ज्या कडव्याला लोक गात नाहीत ते आम्ही पुढच्या रविवारी पुन्हा म्हणायला लावू, मग मिस्सा पाच मिनिटे लांबली तरी चालेल.

पायपेटी आम्ही सॅक्रिस्टीतून बाहेर काढली आहे. मेणबत्त्यांची खोकी हलवली तेव्हा आत उंदराचे घरटे सापडले. पुण्याहून आलेल्या कारागिराने तपासून सांगितले की पत्त्या शाबूत आहेत, लाकूड सागाचे आणि चांगले आहे, भात्याचे कातडे मात्र सगळे बदलावे लागेल. ते काम आम्ही आमच्या खर्चाने करवून घेत आहोत, कारण ती तिथे ठेवायला आम्हीच सांगितले होते. कीबोर्डबाबत परिषद येत्या बैठकीत ठरवील. त्याआधी वाडीवाडीच्या समूहांनी १५०वे स्तोत्र वाचून, त्यात किती वाद्ये आली आहेत आणि शेवटी स्तुती कोणाकडून मागितली आहे, यावर बोलावे.

पेटी परत आल्यावर गुरुवारच्या सरावाला पायाने भाता मारायला कोणीतरी हवे आहे. वाजवता आले नाही तरी चालेल. त्या मावशींनी आपले नाव दिले आहे, पण गुडघे दुखतात म्हणून अर्धा तासच.